गिरण्यांच्या गावात हातमाग कसा काय टिकला?

प्रश्न: माझे पणजोबा 1905 च्या आसपास निजामाच्या राज्यातून, तेलंगणातून सोलापुरात आले आणि इथं हातमाग टाकला असं घरात सांगतात. पण शाळेत तर शिकलो की गिरण्या आल्या आणि हातमाग बुडाला. मग गिरण्यांच्या गावात माग टाकायला कोण कशाला येईल? आणि तेव्हाचं सोलापूर होतं तरी कसं?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर: पणजोबांचा हिशोब अगदी बरोबर होता बघा. विणकराला सगळ्यात आधी काय लागतं तर सूत, आणि सूत इथं दारात होतं. 'जुनी गिरणी' याच नावाची गिरणी 1877 ला सुरू झाली, मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांचं बरंचसं सूत इथल्याच मागांवर जायचं. चरख्यावर हातानं सूत कातणारे मोडले हे खरंय, पण विणणाऱ्याचं तसं झालं नाही, कारण रेशीमकाठी नऊवारी लुगडं, त्याचे काठ, त्याचा पदर, हे काम तेव्हा हातमागालाच जमायचं आणि गिऱ्हाईक पण तेच मागायचं. त्यात 1860 पासून रेल्वे होतीच, माल बाहेर पाठवायची चिंता नाही.

मागही जुना राहिला नाही हे शाळेत कुणी सांगत नाही. पूर्वी विणकर धोटा, म्हणजे आडवा धागा ताण्यातून नेणारं लाकडी साधन, एका हातानं फेकायचा, दुसऱ्या हातानं झेलायचा, मग धावता धोटा आला, दोरीला हिसका दिला की धोटा या टोकाचा त्या टोकाला, एक हात मोकळा, तेवढ्याच वेळात कापड जास्त. या काळात सोलापुरात तो चांगलाच पसरला. कांड्या भरणं म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळणं, ताणा करणं म्हणजे उभे धागे मागासाठी लावून घेणं, ही कामं बायका-पोरं करायची, त्याची वेगळी मजुरी कोण देतंय! तुमच्या पणजीबद्दल घरात काही सांगत नसतील तर जरूर विचारा, माग तिच्याही जिवावर चालला होता. पुढं पुढं एकाच छपराखाली बरेच माग टाकणारे कारखानदार झाले आणि कितीतरी विणकर त्यांच्याकडं मजुरीवर लागले, म्हणजे धंदा टिकला पण मालकी सगळ्यांची टिकली नाही. मला तर हाच खरा बदल वाटतो.

बाकी दिवस वाईटच होते. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, त्यात प्लेग, लोक घरं सोडून गावाबाहेर झोपड्या टाकून राहायचे. गिरणीत भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर सुटायचं, 1911 च्या कायद्यानं पुरुषांचं काम दिवसाला 12 तासांवर आणलं, यावरून आधी काय असेल ते समजून घ्या. 1922 ला 11 तास झाले आणि 12 वर्षांखालच्या पोरांना कारखान्यात कामाला ठेवायला बंदी आली. मधे 1918 चा इन्फ्लुएंझा, महायुद्धानं वाढलेली महागाई, आणि 1920 ला गिरणी कामगारांचा मोठा संप.

मे 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांचा लष्करी अंमल, आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चार हुतात्मे धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन हे सोलापुरात पोराटोरांना पाठ आहे, पण त्या मे महिन्यात रस्त्यावर आलेलं गाव हे असं घडलेलं गाव होतं, कामगारांचं, विणकरांचं, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू बोलणारं. घरात जुना गिरणीचा पास, सुताच्या उधारीची वही, भाड्याची पावती काहीही सापडलं तर रद्दीत घालू नका, फोटो काढून आम्हाला पाठवा.