‘हू शुड हॅव कम’ की ‘हूम शुड हॅव कम’? रिलेटिव्ह क्लॉजमध्ये शुड हॅव, कुड हॅव, वुड हॅव कसं वापरायचं?

तुम्ही एका प्रश्नात तीन शंका विचारल्यात. शुड हॅवच्या आधी हू घ्यायचं की हूम, मुख्य वाक्य वर्तमानकाळात असताना रिलेटिव्ह क्लॉजमध्ये (म्हणजे हू, विचनं जोडलेल्या, आपल्या ‘जो’, ‘जी’च्या उपवाक्यात) शुड हॅव चालतं का, आणि वुड व वुड हॅव यांत फरक काय. पहिलीचं उत्तर हू. दुसरीचं, हो, खुशाल चालतं. तिसरीला थोडा वेळ द्यावा लागेल.

हूम सुचतं ते आपल्या मराठीमुळे. आपण ‘तो आला’ म्हणतो, पण ‘त्यानं यायला हवं होतं’ आणि ‘त्याला यावं लागलं’. कर्त्याला लगेच प्रत्यय चिकटतो. मग मनात ‘ज्यानं यायला हवं होतं तो’ असं वाक्य तयार असतं आणि हात आपोआप हूमकडे जातो. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. ही चूक मला कच्च्या मुलांपेक्षा मराठी चांगलं असलेल्यांच्या वहीत जास्त दिसते. इंग्रजीत मात्र शुड आलं म्हणून कर्त्याचं रूप बदलत नाही. ‘ही केम’, तसंच ‘ही शुड हॅव कम’. म्हणून ‘द मॅन हू शुड हॅव कम’. शंका आली तर क्लॉज सुटा करून वाचा. ‘ही’ घालून वाक्य उभं राहिलं तर हू. ‘द मॅन हूम आय शुड हॅव कॉल्ड’ इथं हूम बरोबर, कारण कर्ता ‘आय’ आहे. तरी बोलताना तिथलं हूमही लोक गाळतात आणि नुसतं ‘द मॅन आय शुड हॅव कॉल्ड’ म्हणतात. तेच कानाला बरं लागतं.

मराठीच्याच सवयीनं आणखी एक गोष्ट घुसते. ‘जी बस मी पकडायला हवी होती, ती सुटली’ यातल्या ‘ती’ला जागा द्यायची म्हणून मुलं लिहितात, ‘द बस विच आय शुड हॅव कॉट इट’. ते ‘इट’ काढा, विचनं ती जागा आधीच घेतलेली आहे. उलट ‘द क्लार्क आय शुड हॅव स्पोकन टू’ यातला शेवटचा ‘टू’ विसरू नका. ‘ज्याच्याशी’मधला ‘शी’ तिथं जाऊन बसलाय.

काळाबद्दल घाबरू नका. मुख्य वाक्याचा काळ वेगळा, क्लॉजचा वेगळा. ‘आय नो अ मॅन हू कुड हॅव प्लेड फॉर इंडिया’ यात ओळख आजची आहे आणि संधी गेलेली. शुड, कुड, वुड, मस्ट यांसारख्या मोडलनंतर (सहायक क्रियापदानंतर) हॅव हे हॅवच राहतं. कर्ता एकवचनी आहे म्हणून हॅज नाही, गोष्ट जुनी आहे म्हणून हॅडही नाही. (खुद्द इंग्रज लोक ‘शुड ऑफ’ असं लिहितात, कारण घाईत उच्चार तसा होतो. त्यांचं बघून तुम्ही लिहू नका.)

खरी मेख अर्थात आहे. 2019 च्या ऑगस्टचा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना घरं सोडावी लागली. आता ‘द फॅमिलीज हू हॅड टू लीव्ह’ म्हणजे निघावं लागलं आणि निघाली. ‘हू शुड हॅव लेफ्ट’ म्हणजे निघायला हवं होतं, पण राहिली. ‘हू कुड हॅव लेफ्ट’ म्हणजे वाट मोकळी होती, निघू शकली असती, तरी थांबली. ‘हू मस्ट हॅव लेफ्ट’ म्हणजे दाराला कुलूप दिसतंय, तेव्हा निघाली असणार. ‘हू माइट हॅव लेफ्ट’ म्हणजे निघालीही असतील, सांगता येत नाही. आणि ‘हू नीडन्ट हॅव लेफ्ट’ म्हणजे निघाली खरी, पण पाणी त्यांच्या गल्लीपर्यंत आलंच नाही.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो मस्टचा. ‘मस्ट गो’ म्हणजे जायलाच पाहिजे, मग भूतकाळ ‘मस्ट हॅव गॉन’, असा सरळ हिशोब लोक लावतात. तसं होत नाही. सक्तीचा भूतकाळ ‘हॅड टू’, आणि मस्ट हॅव हा निव्वळ अंदाज. ‘ज्यांना घर सोडावं लागलं’ असं सांगायला गेलात आणि मस्ट हॅव लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्हालाच नक्की माहीत नाही. कुड हॅवही कधी अंदाजाचा असतो. ‘द पीपल हू कुड हॅव टेकन द की’ म्हणजे किल्ली ज्यांनी घेतली असू शकते ते. मागचापुढचा संदर्भच ठरवतो.

आता वुड. शाहू महाराजांचा जन्म 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला, नाव यशवंतराव. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीला दत्तक आले, 1894 मध्ये राज्याभिषेक झाला. ‘यशवंतराव, हू वुड बिकम शाहू महाराज, वॉज बॉर्न इन 1874’ हे वाक्य चोख आहे. इथं वुड म्हणजे पुढे झाले, खरंच झाले. त्यात एक हॅव घालून ‘हू वुड हॅव बिकम’ केलंत, की अर्थ होतो ‘झाले असते, पण झाले नाहीत’. कोल्हापुरात हे वाक्य छापायची हिंमत कोण करेल?

वुडचा आणखी एक उपयोग म्हणजे सवय. ‘माय ग्रँडफादर, हू वुड वॉक टू रंकाळा एव्हरी मॉर्निंग’, म्हणजे आजोबा रोज सकाळी रंकाळ्यावर चालत जायचे. आपल्या ‘जायचे’ला हे तंतोतंत बसतं.

वुड हॅवच्या मागे मात्र एक ‘जर’ असतो, कधी लिहिलेला, कधी मनातला. ‘द रेसलर हू वुड हॅव वन इफ ही हॅड ट्रेन्ड’. मराठीत ‘मेहनत केली असती तर जिंकला असता’ असं दोन्हीकडे तेच रूप येतं, म्हणून मुलं इफनंतरही वुड हॅव टाकतात. इफच्या बाजूला हॅड, दुसऱ्या बाजूला वुड हॅव. क्लॉज कितीही लांबला तरी हे बदलत नाही.

स्वल्पविरामाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लागेल. ‘माय ब्रदर, हू शुड हॅव बीन हिअर, इज इन पुणे’ यात भाऊ एकच आहे आणि मधला भाग तुमची तक्रार. स्वल्पविराम काढलात तर भाऊ अनेक, आणि त्यातला जो इथं असायला हवा होता तोच पुण्यात बसलाय.