आधी टायर, मग फोर-व्हील ड्राइव्ह

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. नवी नोकरी, महिनोन्‌महिने बर्फ असणारा भाग, आणि जो तो सांगतोय की गाडी घ्यायची तर फोर-व्हील ड्राइव्हच, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशीच घे. त्यात साठवलेले सगळे पैसे जातील म्हणून तुझा जीव वरखाली होतोय, हे कळलं. बर्फाच्या रस्त्यांवर गाडी चालवण्यात माझी निम्मी हयात गेली, तेव्हा मनापासून लिहितो. आधी उत्तर, कारणं मागाहून. तू वर्णन केलंयस तशा रस्त्यांसाठी पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी पुरते, मात्र तिला चारही चाकांना चांगले हिवाळी टायर हवेत. पैसे उरले आणि गरज पटली, तर फोर-व्हील ड्राइव्हचा विचार त्यानंतर.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी वाईट आहे असं मुळीच नाही. तिचं काम काय, ते मात्र नीट समजून घे. निसरड्या रस्त्यावर प्रत्येक टायर ठरावीकच जोर जमिनीला लावू शकतो. त्यापलीकडे रेटलं की चाक जागच्या जागी फिरतं. इंजिनाचा सगळा जोर दोनच चाकांवर आला की ती मर्यादा लवकर गाठली जाते. तोच जोर चार चाकांत वाटला की प्रत्येकावरचा भार कमी होतो आणि गाडी हलते. सिग्नलवरून निघताना, चढ चढताना, रुतलेली गाडी बाहेर काढताना हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे.

पण ब्रेक दाबलास की इंजिन किती चाकं फिरवत होतं याला काही अर्थ उरत नाही. ब्रेक स्वस्तातल्या स्वस्त गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना फोर-व्हील ड्राइव्ह तुला काहीच जास्तीचं देत नाही. वेगात वळणावर शिरलीस तर तिथेही तेच, गाडी रस्त्यावर राहते ती टायरच्या पकडीमुळे.

हे आकड्यांत सांगतो, म्हणजे मनात पक्कं बसेल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ५० मीटरच्या आसपास लागतात. गुळगुळीत, काचेसारख्या बर्फावर १०० मीटर, कधी त्याहूनही जास्त. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर झालं. समोरचं दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर १४ मीटर तिथेच संपले. या हिशेबात वेग आणि पकड या दोनच गोष्टी येतात. वेग तर वर्गाच्या पटीत येतो, म्हणून ५० ऐवजी ३५ ने गेलीस तर थांबायचं अंतर जवळजवळ निम्मं होतं. इतकी मोठी सुरक्षितता कुठल्याही शोरूममध्ये विकत मिळत नाही.

मला खरी काळजी वाटते ती एका दुसऱ्याच गोष्टीची. साध्या गाडीत निघतानाच चाक थोडं फिरतं, डॅशबोर्डवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाकांचं फिरणं आवरणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकतो, आणि आज रस्ता निसरडा आहे हे पहिल्या पाच मीटरांत कळतं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी त्याच रस्त्यावर शांतपणे निघते, शांतपणे वेग घेते, आणि चालवणाऱ्याला वाटतं रस्ता बरा आहे. रस्ता कसा आहे ते त्याला कळतं पहिल्यांदा जोरात ब्रेक मारावा लागतो तेव्हा. बर्फाच्या दिवसांत रस्त्याकडेच्या चरात उंच, दांडग्या गाड्याही पडलेल्या दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून गाडी कुठलीही घे, एक सवय लाव. बाहेर पडलीस की रस्ता सरळ असताना, मागेपुढे कोणी नाही हे बघून, हळू वेगात एकदा ब्रेक चांगला दाबून पाहा. पायाखाली पेडल थरथरलं आणि करकर आवाज आला तर घाबरून पाय काढू नकोस. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय, पेडल दाबूनच ठेव. ती थरथर किती लवकर सुरू झाली यावरून त्या दिवसाचा रस्ता कळतो.

आता टायर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझे पैसे इथेच लागायला हवेत.

तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं. कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर अंगठ्याचं नख रोवून बघ. उन्हाळी टायरमध्ये ते रुतत नाही. हिवाळी टायरचं रबर तशाही थंडीत नखाखाली किंचित दबतं. ते दबतं म्हणूनच रस्त्याच्या बारीक खडबडीत जाऊन बसतं आणि पकड धरतं. मग त्याच्या नक्षीकडे बघ. प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने कापल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक टेकलं की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो, तोही उपयोगी पडतो, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगला धरतो.

हा काही अलीकडचा शोध नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी खास हिवाळी टायर निघाले. आजची कंपनी नोकियन, तिची ही परंपरा. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोध. बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच ते मिळतं. नुसती ‘एम’ आणि ‘एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं बघून घेऊ नकोस, त्यामागे तशी चाचणी नसते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी ते डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून त्यातून सूट नाही. जिथे दरवर्षी ढिगांनी बर्फ पडतो, तिथला कायदा चालवणाऱ्याला टायर विचारतो.

आणि टायर घ्यायचे ते चारच. इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून पुढेच दोन हिवाळी टायर घालायचे, ही काटकसर जिवावर बेतते. उतारावर ब्रेक दाबताच पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. नव्या टायरची खाच साधारण ८-९ मिलिमीटर खोल असते. ती ४ मिलिमीटरपर्यंत आली की बर्फावरचा त्याचा जोर संपत आला असं समज. ऑस्ट्रियात तर त्याहून झिजलेला टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. दुसऱ्या सेटचा खर्च पहिल्यांदा अंगावर येतो, कबूल. पण हिवाळी टायर चालतात तेव्हा उन्हाळी टायर झिजायचे थांबलेले असतात, त्यामुळे त्यातले बरेच पैसे पुढे वसूल होतात.

चढावर सरसर जाणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती तू पाहिल्या असशील. त्यातली एक फार गाजली. १९८६ साली ऑडीने फिनलंडमधल्या काइपोला इथल्या स्की-जंपच्या उतारावर आपली क्वाट्रो गाडी खालून वर चढवून दाखवली. ते यंत्र जबरदस्त होतं यात शंका नाही. त्या गाडीच्या टायरना खिळे मात्र बसवलेले होते. जाहिरात बघताना हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मग फोर-व्हील ड्राइव्ह खरोखर कोणाला लागते? मला याचं उत्तर जपानमधल्या सुबारूच्या गोष्टीत सापडतं. तोहोकू हा तिथला भरपूर बर्फाचा, डोंगराळ भाग. तिथल्या वीज कंपनीच्या लोकांना भर हिवाळ्यात वीजवाहिन्यांची पाहणी करायला जावं लागे आणि उघड्या जीपमध्ये त्यांचे हाल होत. त्यांच्या गरजेतून साध्या मोटारीला चारही चाकांचा जोर देण्याचे प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये सुबारू लिओनी फोर-व्हील ड्राइव्ह बाजारात आली. त्या माणसांचं काम बघ. रस्ता साफ व्हायची वाट बघून त्यांना चालणार नव्हतं. ज्यांचं असं आहे, त्यांनी ही गाडी जरूर घ्यावी. पहाटे रस्त्यावर कोणी नसताना ड्यूटीवर हजर व्हावं लागणारी परिचारिका, आडवाटेच्या गोठ्यांवर जाणारा जनावरांचा डॉक्टर, मागे ट्रेलर ओढणारा माणूस. शिवाय ज्याच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट खडी चढणीची आहे आणि तिथला बर्फ कोणी काढत नाही, तोही. अशा चढावर चांगले हिवाळी टायर असूनही दोनच चाकांवर चालणारी मोटार हात टेकते. टायरवर साखळ्या, म्हणजे चेन, लावून निभतं, पण अंधारात, गारठलेल्या बोटांनी रोज चेन चढवणं आणि उतरवणं कोणाला झेपत नाही.

अशा माणसांनाही मी एक गोष्ट बजावून सांगतो, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते आधी बघा. बर्फ हटवणारी गाडी मोठ्या रस्त्यावरून गेली की तुझ्या फाटकासमोर बर्फाचा एक बांध टाकून जाते. तो भुसभुशीत नसतो. मीठ, पाणी आणि बर्फाचे गोळे यांचा ओला, जड थर असतो आणि तासाभरात दगडासारखा होतो. बुटकी गाडी त्यावर चढते, पोटावर बसते, आणि चाकं अधांतरी राहतात. मग ती दोन फिरोत की चार, गाडी तिथेच. त्या बांधावर इलाज फावड्याचा. ते गाडीत कायम ठेव.

एवढं होऊनही तुझं मन तिकडेच ओढ घेत असेल, तर प्रकार ओळखून घे. जुन्या धाटणीच्या गाड्यांत लिव्हर ओढून चारही चाकं जोडली जातात. ती जोडणी निसरड्या रस्त्यापुरतीच असते. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसल्यामुळे ते जमत नाही, आणि सगळा ताण गिअरवर येतो. म्हणजे अर्धा रस्ता साफ आणि अर्धा बर्फाचा अशा दिवशी लिव्हर सारखी मागेपुढे करत बसावं लागतं. हल्लीच्या बहुतेक मोटारींत पुढची चाकं चालतात आणि ती घसरली की क्लचमार्फत मागे जोर जातो. तुला घ्यायचीच झाली तर असली घे. मायलेज थोडं कमी मिळेल, वजन वाढेल, हे दोन्ही सोसण्यासारखं आहे. सोसणं कठीण जातं ते टायरच्या बाबतीत. यातल्या बऱ्याच गाड्यांना चारही टायर सारख्याच झिजेचे लागतात. एक फाटला तर कधीकधी चारही बदलावे लागतात, नाहीतर फरकाने यंत्रणा खराब होते.

जुनी बघायला गेलीस तर याच कारणासाठी आधी टायर बघ. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर सरळ परत ये. एकाच कंपनीचे असतील तर मोकळ्या, कोरड्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू एक गोल घे, खिडक्या उघड्या ठेवून. गाडी अडखळत, हिसके देत फिरली किंवा खालून कटकट ऐकू आली, तर मालक काहीही सांगो, आधी मेकॅनिकला दाखव. मागच्या डिफरन्शियलचं तेल कधी बदललं तेही विचार. बऱ्याच मालकांना ते बदलायचं असतं हेच माहीत नसतं.

आता तू करायचं काय ते सांगतो. घाई करू नकोस. घरापासून कामापर्यंतची वाट एकदा पायी चाल, निदान सुरुवातीचा आणि शेवटचा भाग तरी. चढ कुठे आहे, उताराच्या तळाशी चौक आहे का, ते बघ. शेजाऱ्यांना विचार की बर्फ हटवणारी गाडी पहाटे किती वाजता येते आणि तुझ्या गल्लीत येते का. त्यांच्या गाड्या रुततात कुठे आणि घसरतात कुठे, हेही वेगवेगळं विचार. रुतण्याच्याच तक्रारी जास्त ऐकू आल्या तर फोर-व्हील ड्राइव्हबद्दल आपण पुन्हा बोलू आणि तेव्हा मी तुला अडवणार नाही. घसरण्याच्या जास्त असतील तर तिच्यावर एक पैसाही घालवू नकोस.

टायर बसवायला पहिल्या बर्फाची वाट बघू नकोस, त्या दिवशी सगळं गाव टायरवाल्याच्या दारात असतं. थंडी वाढली की दर पाच-सहा अंशांमागे टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरते, तेव्हा ती दर पंधरवड्याला तपासून घे. चढाचा अंदाज आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीची वेळ मला कळव. खिळ्यांचे टायर तुझ्या भागात चालतात का तेही विचारून ठेव, कारण काही ठिकाणी त्यांना बंदी आहे. एवढं समजलं की कोणते टायर घ्यायचे ते ठरवू.

तुझा,
काका