ठस्स वाजणारा नटराज

प्रश्न : गुरुजी, थोरल्या जावयानं तमिळनाडूतल्या स्वामीमलैहून नटराज आणला. वीतभर उंच, पण वजन भरलं ४ किलो. बाजारातल्या कासारानं टिचकी मारली तर टण् वाजला नाही, नुसता ठस्स. म्हणे, आत शिसं भरलंय, फसवलं तुमच्या जावयाला. आता जावयाला विचारू कसं?
— एक वाचक, पवनी तालुका

उत्तर : विचारूच नका जी! कासारभाऊंचा कान खरा, अंदाज चुकला. आम्हा भंडाऱ्याकडच्यांचा कान पितळी गुंडावर, म्हणजे पाण्याच्या भांड्यावर घडलेला. गुंड पोकळ, म्हणून वाजतो. स्वामीमलैची मूर्ती भरीव असते.

तिथले स्थपती, म्हणजे परंपरेनं मूर्ती घडवणारे कारागीर, मेण, राळ आणि भुईमुगाचं तेल एकजीव करून आधी अख्खा देव मेणात घडवतात. त्यावर कावेरीच्या गाळाचे थर चढवतात. तापवलं की मेण वाहून जातं, त्या जागी धातूचा रस ओततात आणि शेवटी साचा फोडतात. म्हणजे तुमच्या नटराजाला जुळा भाऊ नाही. गडचिरोलीपल्याड बस्तरचे घडवे, म्हणजे तिथले धातू ओतणारे कारागीर, मातीच्या गोळ्यावर मेणाची तार गुंडाळतात, म्हणून त्यांचं काम पोकळ आणि हलकं.

शिसं असतंच, पण थोडं. ही मूर्ती पंचलोहाची, म्हणजे पाच धातूंच्या मिश्रणाची; त्यात मुख्य भरणा तांब्याचा. शंका राहिली तर काठोकाठ भरलेल्या बादलीत मूर्ती दोरीनं पूर्ण बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. ४ किलोला ४५० मिलिलिटरच्या आसपास सांडलं तर माल चोख. शिसं तांब्याहून जड, तेवढ्याच वजनाला जागा कमी घेतं; म्हणून पोटात शिसं असेल तर आकडा ३५० कडे झुकेल.

मूर्तीची पाठही बघा. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात तिरुवालंगाडूचा चोळकालीन नटराज आहे. मी त्याच्या मागेच जास्त वेळ उभा होतो, पहारेकरी संशयानं बघायला लागला! हे देव मिरवणुकीत निघायचे, चहूबाजूंनी दिसायचे. म्हणून पाठही पोटाइतक्याच निगुतीनं घडवलेली.

चेन्नईजवळच्या चोळमंडल या कलाकारांच्या गावातले शिल्पकार पत्रा ठोकून, जोडून नवं काही करत आले; तो वेगळा रस्ता. पण २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपम या संमेलन-केंद्रासमोर उभा राहिलेला २७ फुटी नटराज स्वामीमलैच्या स्थपतींनी मेणाच्याच रीतीनं ओतला.

चिंचेनं हलक्या हातानं घासा, पॉलिशच्या चाकावर देऊ नका, डोळ्यांच्या रेघा जातील. आणि पाणी मोजायला कासारभाऊंनाच बोलवा, माप त्यांच्या हाती द्या.