मोठा स्वेटर अर्धवट ठेवून मधेच छोटं काहीतरी विणावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवऱ्यासाठी फुल स्वेटर विणायला घेतलाय, पाठ झाली, पुढचा भाग अर्धा झाला आणि आता सुया हातात घ्यायचासुद्धा कंटाळा येतो, तर मधेच कुणाला तरी द्यायला छोटं मजेशीर काही विणलं तर चालेल का, की मग मोठं कायमचंच राहून जातं.

चालेल हो, बिनधास्त घ्या. फक्त एक चूक करू नका जी मी केली होती, ती पुढे सांगते.

माझं सांगायचं तर मी डोंबिवलीची, नोकरी सीएसएमटीजवळ, म्हणजे रोज जाऊन येऊन अडीच तास गाडीत, आणि बसायला मिळालं की हातात विणकाम. दादा कॅल्गरीला असतो, तिथे हिवाळ्यात उणे पंचवीसच्या खाली जातं, तर त्याच्यासाठी मागच्या पाडव्याला नेव्ही ब्लू स्वेटर विणायला घेतला, वेणीची वीण, फुल बाह्या. पहिला महिना काय उत्साह होता! मग एकदा वैतागून हिशोब केला. पाठीला १२० टाके, ओळी साधारण १९०, म्हणजे नुसत्या पाठीचे २२,८०० टाके, सगळे नेव्ही ब्लू. ट्यूबलाईटखाली तर तो रंग काळाच दिसतो आणि उलट सुलट कळत नाही. त्यात वेणी म्हणजे दर आठव्या ओळीला टाके फिरवायचे, ते गाडीत जमत नाही कारण कोणीतरी "पुढचं ठाणे का?" विचारतं आणि मोजणी गेली. शिवाय तो स्वेटर आता अर्धा किलोचा झालाय, पर्समधे मावत नाही, आणि लांब सुया काढल्या की शेजारची बाई अंग चोरून बसते.

मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सेकंडहँड स्कूटर घेतली आणि मला सुचलं की हिला लिंबू-मिरची विणून द्यावी.

ही आत्तापर्यंत मी विणलेली सगळ्यात यशस्वी गोष्ट आहे, २२,८०० टाक्यांच्या पाठीला कोणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत पण लिंबू-मिरचीला अख्खं डिपार्टमेंट जमलं. मिरची इतकी सोपी आहे की सांगतेच. हिरवी चार प्लायची लोकर, १२ नंबरच्या सुया, ८ टाके घाला, एक ओळ सुलट एक उलट अशा १८ ओळी. त्यानंतर प्रत्येक सुलट ओळीच्या सुरुवातीला दोनाचा एक करत जा, तीन टाके उरले की लोकर कापा, शिवायच्या सुईत ओवून त्या तिन्हीतून काढा आणि ओढा. झालं. शिवायचीही फारशी गरज नाही कारण सुलट-उलट विणलं की कडा आपोआप मागे वळतात ना, तेच इथे होतं. स्वेटरमधे हाच प्रकार म्हणजे डोक्याला ताप, इस्त्री करा, बॉर्डर घाला, तरी वळतंच, आणि मिरचीत मात्र पट्टी स्वतःहून गुंडाळी होऊन मिरची बनते! दोन-चार टाके मारून टाकायचे मागून, बास. टोकाला ओढताना जरा जास्त ओढलं तर मिरची वाकडी होते आणि वाकडीच जास्त खरी दिसते. एका मिरचीला दीड-दोनशे टाके, डोंबिवली ते कुर्ला एक मिरची. सात मिरच्या म्हणजे एक आठवडाभराचं जाणं-येणं.

लिंबाला जरा जास्त खटाटोप. १० टाके घालून पुढच्या ओळीत प्रत्येकाचे दोन करा म्हणजे २०, एक ओळ उलट, मग एक सोडून एक टाक्याचे दोन म्हणजे ३०, दहा-बारा ओळी टाके न वाढवता सुलट-उलट विणा, आणि आलात तसे परत जा, ३० चे २०, २० चे १०, दोरा ओवून ओढा, बाजू शिवा, भरा. भरण्याबद्दल एक सांगते. मी कंजूषपणा करून आत दादाच्या स्वेटरचे उरलेले नेव्ही ब्लू तुकडे कोंबले आणि लिंबू सडल्यासारखं दिसायला लागलं, पिवळ्यातून काळपट डाग. उसवून परत केलं. हलक्या रंगात पांढरंच भरायचं, जुन्या उशीतला फायबर चालतो, कापूस नको, धुतला की गोळा होतो. आणि भरायच्या कुठल्याही वस्तूला नेहमीपेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई घ्यायची (आपल्याकडे नंबर मोठा तेवढी सुई बारीक, नवीन लोक इथे गोंधळतात), नाहीतर टाक्यांमधून आतलं सगळं डोकावतं.

खाली कोळशाच्या जागी एक काळा गोळा केला. सासूबाई म्हणाल्या, "लोकरीच्या मिरचीला नजर काय घाबरणार?" मी म्हटलं आई, पण ही दर शनिवारी बदलायला नको. त्यावर त्यांनीच एक मागून घेतली, आता दारावर लटकतेय.

आता ती चूक. लिंबू-मिरचीला बारीक सुई हवी होती ती होती, पण त्यानंतर गणपतीत भाचीला उंदीरमामा करून द्यायचा ठरलं आणि राखाडी लोकर जरा जाड होती, तर मी काय केलं, स्वेटरच्या बाहीतली सुई काढली, टाके जाड दोऱ्यात ओवून ठेवले आणि त्या सुयांवर उंदीर विणला. उंदीर छान झाला, शेपटी जरा जास्तच लांब. पण परत बाहीकडे आले तेव्हा सुया १० नंबरच्या होत्या की ११ च्या हेच आठवेना, सुईच्या टोपणावरचा आकडा घासून गेलेला, डब्यात दोन्ही जोड पडलेले. मी अंदाजाने ११ घेतली, आणि पाच-सहा इंच विणून झाल्यावर पहिल्या बाहीशेजारी ठेवून बघते तर ही बाही हाताला ब्लड प्रेशरच्या पट्ट्यासारखी बसणार. सगळं उसवलं. लोकर उसवताना जो आवाज येतो ना टर्र टर्र तो रात्री अकरा वाजता फार वाईट वाटतो.

म्हणून मोठ्या कामाची सुई कधीही काढायची नाही, शंभर-दोनशे रुपयांचा दुसरा जोड घ्या, आणि बाजूला ठेवण्याआधी एका चिठ्ठीवर सुईचा नंबर, कितव्या ओळीवर आहात, वेणी पुढची कधी फिरवायची, हे लिहून ती चिठ्ठी सेफ्टी पिनने विणकामालाच टाचा. फोनमधे लिहू नका, फोनमधे सापडत नाही. आणि ओळ पूर्ण करूनच ठेवा, मधे सोडलं तर महिन्याने त्या टाक्यापाशी एक खूण पडलेली असते, ती मग जाता जात नाही.

दुसरी गोष्ट, छोटं म्हणजे खरंच छोटं हवं. मागच्या संक्रांतीला माझ्या डोक्यात आलं की हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या किती वर्षं लुटायच्या, या वेळी वाण म्हणून विणलेली स्ट्रॉबेरी देऊ, पर्सला अडकवायला. २५ बायका. पहिल्या चार स्ट्रॉबेऱ्या करताना मजा आली, सातव्या-आठव्याला त्या लाल रंगाचा राग यायला लागला, पंधराव्याला मी चक्क दादाचा स्वेटर काढून बसले, विरंगुळा म्हणून! शेवटी १६ जणींना स्ट्रॉबेरी आणि बाकीच्यांना वाटी, आणि कोणाला काय मिळालं यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. तेव्हा एक माणूस, एक वस्तू, त्या माणसाला बघूनच सुचलेली. जो वांगं खात नाही त्याला देठासकट जांभळं वांगं, जिचा चष्मा रोज हरवतो तिला नाक असलेलं चष्म्याचं घर (नाकावर चष्मा ठेवायचा), असं. दोन-तीन बैठकीत संपलं पाहिजे आणि शक्यतो उरलेल्या लोकरीतून, त्यासाठी नवीन लोकर आणायला तुळशीबागेत किंवा दादरला गेलात की तुम्ही पाच गुंडे जास्तीचे घेऊन येणार हे मी लिहून देते.

बाळ असलेल्या घरी द्यायचं असेल तर चौकोनाचा ससा करा. सगळ्या ओळी सुलट विणून एक चौकोन करायचा, वीत-दीड वीत, मग सुई-दोऱ्याने आडव्या मधल्या रेषेवर धावदोरा घालून दोन्ही टोकांकडून वरच्या कडेच्या मध्यापर्यंत त्रिकोण पूर्ण करायचा, त्रिकोणात फायबर ठेवून दोरा ओढला की डोकं तयार होतं आणि वरचे दोन कोपरे आपोआप कान होऊन उभे राहतात. पहिल्यांदा ओढाल तेव्हा तुम्हीच हसाल. खालचं अंग शिवून भरायचं. डोळ्यांना बटण किंवा मणी लावायचा नाही, तीन वर्षांखालचं पोर आधी तेच तोडून तोंडात घालतं, काळ्या दोऱ्याने भरा. आणि गोंडा शेपटीला लावलात तर पक्का शिवा. क्रोशा येत असेल तर ऑक्टोपसही करता येतो, डेन्मार्कमधे २०१३ पासून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असे करून देतात, पायांचे पीळ बाळ नाळेसारखे धरून बसतं अशी त्यामागची कल्पना. पण तो सुतीच हवा, गरम पाण्यात धुता यायला हवा, आणि हॉस्पिटलला आधी विचारल्याशिवाय नेऊन देऊ नका.

राहिला तुमचा खरा प्रश्न, की मोठं कायमचं राहून जाईल का. खरं सांगू का, माझ्या माळ्यावर २०११ पासून एक क्रोशाचा टेबलक्लॉथ आहे, तीन चतुर्थांश झालेला, आणि तो काही उंदीर-मिरच्यांमुळे राहिलेला नाही. त्याचा मोरपंखी रंग मला पहिल्या दिवसापासूनच आवडला नव्हता, जाऊबाईंनी लोकर आणून दिली म्हणून घेतला होता. तो राहणारच होता. तेव्हा लिंबू-मिरची करून झाल्यावर एकदा स्वेटर मांडीवर घेऊन बघा, हात लावावासा वाटला तर नुसताच दमला होतात. आणि अजिबात नाहीच वाटला तर रंग, नाहीतर वीण, नाहीतर (हे आपल्या दोघींत) ज्याच्यासाठी विणताय तो माणूस, यातलं काहीतरी बिघडलंय, तेव्हा उसवून त्याच लोकरीचं दुसरं काही करा, पाठीची लोकर तशी बरीच निघते.

दादाची दुसरी बाही आता १४ इंच झालीय, १० नंबरवर. परवा वहिनीला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणे स्वेटर येईल तेव्हा येऊ दे, आम्ही नवीन गाडी घेतलीय, ते लिंबू-मिरचीचं आधी पाठवा.