साळावलीला रविवार वाया का गेले?

प्रश्न : माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. तिथल्या धरणात बास मासा कोणत्या महिन्यात कुठे लागतो याचं त्याच्याकडे कोष्टकच आहे. त्यात ‘मार्च-एप्रिल : काठाजवळ उथळात’ असं वाचून मी दोन रविवार दुपारी आपल्या गोव्यातल्या साळावली धरणावर रबरी गांडूळ फेकत बसलो. एक मासा नाही. चुकलं काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : भाऊ, कोष्टक बरोबर आहे, धरण चुकलं! बास उत्तर अमेरिकेतला. हिवाळ्यात तिथलं पाणी गारठतं, तेव्हा तो खोलात सुस्त पडून असतो. वसंतात पाणी १५-१६ अंशांवर आलं की उथळात येतो. नर शेपटीने खळगा करतो, मादी अंडी घालून जाते, राखण नरच करतो. उन्हाळ्यात पहाटे काठाला, दुपारी खोलात. सगळा खेळ पाण्याच्या उबेचा. साळावलीचं पाणी तसं गारठतच नाही. आपल्याकडे धरण भरतं कधी आणि ओसरतं कधी, ते बघायचं.

(‘मग बासच आणून सोडू या’ म्हणणारे भेटतात. जपानमध्ये १९२५ साली आशी तलावात सोडला होता. पुढे तो देशभर पसरला, तिथले मासे खाऊ लागला. २००५ पासून तिथे जिवंत बास बाळगायलाही कायद्याने बंदी आहे. आतेभावाला तेवढं सांगून ठेवा.)

तुम्ही मरळीच्या मागे लागा. ही हवा घ्यायला वर येते. मार्च-एप्रिलात पहाटे काठावर नुसते बसा, गरी खाली ठेवा. ‘गुळुक’ आवाज येतो, पाण्यावर एक वर्तुळ उमटतं. पुन्हा तिथेच आलं, की जागा सापडली. त्याच्या हातभर पुढे रबरी बेडूक टाकून सावकाश ओढा. झडप पडली तरी लगेच हिसका देऊ नका, दोन आकडे मोजा. घाईत बेडूक तेवढा परत येतो.

जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे (अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) ओहोळाला लागतात, तेव्हा ओहोळाच्या तोंडाशी मरळ टपलेली असते. पण जुलै-ऑगस्टात जरा जपून. वारा नाही, पाऊस नाही, तरी सुपाएवढ्या जागेत पाणी तडतडताना दिसतं. जवळून बघाल तर तांबूस पिल्लांचा पुंजका, आणि खाली आईबाप दोघंही पहाऱ्यावर. तिथे बेडूक टाकला तर हमखास लागते, कारण ती भुकेने नाही, रागाने धावते. मी एकदा टाकला होता. पावणेदोन किलोची मिळाली, सगळ्यांना दाखवत फिरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर पुंजका मुठीएवढा उरलेला आणि वर ओंडक्यावर खंड्या. त्यानंतर पिल्लांवर गरी टाकली नाही.

सगळ्यात चांगले दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. धरण भरलेलं, गढूळपणा बसलेला. मात्र पाण्याखाली काय आहे ते ठाऊक हवं. मला ठाऊक आहे, कारण माझं गाव तिथेच आहे. धरणासाठी कुर्डीहून आम्हाला वाडे या गावी आणलं तेव्हा मी शाळकरी होतो. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं, आम्ही सगळे जातो. बाकीचे आपापल्या घरांचे चौथरे शोधतात, मी शेतांच्या मेरा, म्हणजे बांध, मोजत फिरतो, आणि घरचे हसतात. लहान मासे त्या मेरांच्या कडेने फिरतात, मरळ आडोशाला असते.

तेव्हा येत्या मेमध्ये गरी घरी ठेवून एकदा चालत या. मेरा, ओंडके, पायऱ्या वहीत काढून घ्या. ऑक्टोबरात उतरण्याआधी परवानगीची चौकशी करा आणि सांडव्याच्या बाजूला फिरकू नका. आमच्या चौथऱ्याच्या उजव्या हाताला विहीर आहे, कठडा अजून शाबूत आहे. तिच्या आसपास मला दरवर्षी एक तरी मिळते. ती जागा मात्र माझी.