अँटिबॉडी भरपूर असूनही नागीण का होते?

तुमच्या वडिलांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत, रक्त-तपासणीत त्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीही आढळल्या, तरी सत्तरीत नागीण कशी झाली आणि असे असेल तर लशीचा उपयोग काय, असे आपण विचारले आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे एवढेच सांगतो की ती तपासणी खोटी नव्हती. नागिणीच्या बाबतीत ती गैरलागू होती.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो आयुष्यभर सुप्तावस्थेत दडून राहतो, आणि पुन्हा जागा झाला की नागीण होते. अँटिबॉडी रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवांत फिरतात, पेशीत दडलेला विषाणू त्यांच्या हाती लागत नाही. ते काम टी-पेशींचे, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे. संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे स्वतःच्या विशिष्ट रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडते, आणि टी-पेशी तो तुकडा व तो रेणू हे दोन्ही एकत्रच ओळखते. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले व त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. वय वाढते तसा या विषाणूविरुद्धचा टी-पेशींचा प्रतिसाद मंदावतो, अँटिबॉडी मात्र बऱ्याच अंशी टिकून राहतात. वडिलांच्या अहवालातील विसंगती ती हीच.

नागिणीची जुनी लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची होती. साठीपुढील ३८ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत तिने नागिणीचे प्रमाण निम्म्यावर आणले, परंतु सत्तरीनंतर, म्हणजे नेमकी जिथे गरज अधिक, तिथे ती कमी पडली. नव्या लशीत विषाणूचे केवळ एक प्रथिन आहे. त्याच्या जोडीला चिलीतील एका झाडाच्या सालीतले सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य (आपल्या रिठ्यातही सॅपोनिने असतात) आणि जिवाणूपासून मिळवलेला एक मेदयुक्त रेणू असे प्रतिसाद वाढवणारे घटक घातले आहेत. इतर रोगप्रतिकारक पेशींना साहाय्य करणाऱ्या मदतनीस टी-पेशी त्यामुळे जोमाने वाढतात. पन्नाशीपुढील लोकांत तिची परिणामकारकता सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९० टक्के आढळली. टी-पेशी जागवायच्या तर जिवंत विषाणूच हवा, या समजुतीला यामुळे मोठा धक्का बसला, असे मला वाटते.

तरीही प्रत्येक रोगावर टी-पेशींची लस हाच उपाय, असा निष्कर्ष कृपया काढू नये. बाधित पेशींना ठार करणाऱ्या मारक टी-पेशींवर भिस्त ठेवून बनवलेल्या एचआयव्हीविरोधी लशीची चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली, कारण तिने संसर्ग रोखला नाही. टी-पेशीला शत्रू दिसतो तो पेशी बाधित झाल्यावर, आणि एचआयव्ही तर पेशीच्या जनुकांतच स्वतःला गुंफून घेतो. नागिणीत विषाणू आधीपासून आतच असल्याने त्याला दाबून ठेवणे पुरेसे ठरते.

वडिलांना पुन्हा नागीण होऊ शकते, म्हणून पुरळ पूर्ण बरे झाल्यावर नव्या लशीविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. तिचे दोन डोस साधारणतः दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात, आणि त्याआधी पुन्हा अँटिबॉडी तपासण्याची गरज नसते.