१ टीबीची हार्ड डिस्क घेतली, पण कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसते. दुकानदाराने फसवलं का?

नाही, फसवलेलं नाही. अमळनेरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी माझ्याच काउंटरवर ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

हिशेब आधी सांगतो. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरते. विंडोज त्याच बाइटना १०२४ ने तीनदा भागतं, ९३१ येतात आणि त्यापुढे जीबी लिहून मोकळं होतं. १०२४ च्या मापाला १९९८ पासून गिबिबाइट हे वेगळं नाव आहे, ते विंडोज वापरतच नाही. ॲपलने २००९ मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून हजाराच्या पटीत मोजायला सुरुवात केली. तीच डिस्क मॅकला लावा, १ टीबी दिसेल. माझ्या मते चूक सरळसरळ मायक्रोसॉफ्टची आहे आणि बोलणी आम्ही खातो.

ऐन लग्नसराईत एक शूटिंगवाला भाऊ दुकानात आला. गिऱ्हाइकं बसलेली होती. त्याने डिस्क काउंटरवर ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, "भाऊ, हाई १ टीबीनी नई शे. माले येडा समजस का?" ६९ जीबी म्हणजे त्याचं एक अख्खं लग्न गेलं, असं त्याचं म्हणणं. मी डिस्क लावली, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. कपॅसिटीच्या ओळीत दोन आकडे शेजारी शेजारी असतात. एकीकडे १०,००,२०,२०,३९,२९६ बाइट, दुसरीकडे ९३१ जीबी. पेन्सिलीचं टोक स्क्रीनला लावून मी त्याला एकेक स्वल्पविराम मोजून दाखवला: एक लाख कोटी आणि वर आणखी वीस कोटी. म्हणजे कबूल केल्यापेक्षा थोडं जास्तच. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर लिहिलं म्हणून एकरभर वावर कमी होतं का, असं मी त्याला विचारलं. तो शेतकऱ्याचाच पोरगा, त्याला ते पटलं. शिवाय त्याच्या शूटिंगच्या फाइलीही विंडोज त्याच मापाने मोजतं. डिस्क जितकी कमी दिसते, तितक्याच प्रमाणात फाइलही कमी दिसते. लग्नं मावायची तेवढीच मावतात.

मग म्हणाला, डब्यावर तसं लिहायला काय जातं? डबा उलटा करून दाखवला. १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट, असं मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. इतकं बारीक छापणं मला मुळीच मान्य नाही, ते समोर मोठ्या अक्षरात हवं. पण ते दुकानदार छापत नाही.

तो डिस्क घेऊन गेला, पण गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. घरच्या वरण-बट्टीच्या पंगतीत आमचे मोठे दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दुकानदार सीलबंद मालातही मारतोच." पाहुण्यांत मोठ्या माणसाला उलट बोलता येत नाही, मी गप्प राहिलो. दाजींचा आवडता पुरावा असा की अमेरिकेत कंपन्यांना पैसे परत द्यावे लागले. खरं आहे, २००७ मध्ये सीगेट या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकांना किमतीच्या ५ टक्के परत द्यायचं कबूल केलं. पण ती तडजोड होती, निकाल नव्हता, आणि दावा कंपनीवर होता, काउंटरवर बसणाऱ्यावर नाही. पुढे २०२० मध्ये पेनड्राइव्ह बनवणाऱ्या सॅनडिस्कविरुद्धचा असाच दावा कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने फेटाळला. कारण काय, तर पाकिटावर हिशेब छापलेला आहे. दाजी, सील न फोडता डिस्कमधून जीबी काढून घ्यायची काही सोय नसते. एवढं तरी मान्य करा.

तुमच्याही घरात असे कोणी दाजी असतील तर त्यांना वाद घालत समजावू नका. प्रॉपर्टीज उघडा आणि बाइटचा आकडा त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा.

फोनचं मात्र वेगळं आहे, ते राहिलंच. १२८ जीबीच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली ॲप्स जागा खातात, ती जागा खरोखरच तुमच्या हाती येत नाही. फोटो-व्हिडिओ भरपूर काढत असाल तर २५६ चाच घ्या.

आणि खोटा माल बाजारात नाही असंही मी म्हणत नाही. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो, तो खोटाच समजा. आत चिप लहान असते, पण ती कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली बिघडतात किंवा जुन्या पुसल्या जातात. ९३१ दिसण्यात फसवणूक नाही, पूर्ण आकडा दिसूनही फाइली उघडत नाहीत यात आहे. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर रिकामा ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. खोटा निघाला तर बिल घेऊन जा आणि तिथे बिनधास्त भांडा.